थांबा म्हटलं की थांबायचं

बास्केटबॉलच्या मैदानावर आता सोयाबीन वाळत घालतात. गावात एवढी मोठी सिमेंटची जागा दुसरी नाही. काढणी झाली की प्रत्येक घराचा तुकडा ठरतो. माझ्या वाट्याला दरवर्षी पूर्वेकडचा कोपरा येतो, खांबाच्या बुडाशी. मी काठी घेऊन बसते. शेळ्या हाकलायच्या, एवढंच काम आता मला जमतं, आणि ते मी नीट करते.

खांब गंजलाय. वरची फळी कुणीतरी काढून नेली, कुठल्या तरी गोठ्याचं दार झाली असेल. लोखंडी रिंग तेवढी राहिली आहे. तिच्यातून आभाळाचा गोल तुकडा दिसतो. त्यात बघण्यासारखं काही नाही, मान दुखते. तरी नजर जाते.

उन्हात सोयाबीनच्या शेंगा तडकतात. टच्, टच्, असा बारीक आवाज सगळीकडून येत राहतो. मग माझा तळहात आपोआप खाली जातो. सिमेंट तापलेलं असतं, चटका बसतो. जमीन गप आहे याची खात्री झाली की हात काढते. शेजारी बसलेली सून-लेकीच्या वयाची बाई विचारते, काकू, काय सांडलं का? मी म्हणते, काही नाही.

आमचं हे गाव नवं आहे. जुनं गाव भूकंपात गेलं. गणपती बुडवून लोक झोपले होते आणि उजाडायच्या आत सगळं होऊन गेलं. त्याचं मी लिहिणार नाही. माझी सासू गेली, माझा धाकटा गेला. सुजाता, माझी मुलगी, वाचली. सात-आठ वर्षांची होती. माळवदाच्या छताच्या मातीतून तिला ओढून काढलं तेव्हा तिच्या तोंडात माती होती. एवढं पुरे.

त्यानंतरची पत्र्याच्या शेडमधली वर्षं मला वासानं आठवतात. तापलेल्या पत्र्याचा वास, रॉकेलचा वास, आणि मदत म्हणून आलेल्या कपड्यांचा वास. ते कपडे लोकांच्या पेट्यांत वर्षानुवर्षं राहिलेले, त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा. आम्हा सगळ्यांच्या अंगाला तोच वास. कुणाच्या तरी लग्नातले शालू नेसून आमच्या बाया सरपण आणायला जायच्या. जरीला काटे अडकायचे.

मग पक्की घरं मिळाली. रांगेत, एकसारखी, डोक्यावर स्लॅब. इंजिनियर सांगून गेले की ही घरं पडणार नाहीत. आम्ही हो म्हटलं. खोल्यांत धान्याची पोती ठेवली आणि पुढं पत्रा टाकून तिथं राहिलो. ज्वारीला स्लॅबची भीती नसते.

घराघरात चुलीजवळ एक तांब्या पालथा घातलेला असायचा. त्यावर ताटली, ताटलीवर चमचा. जमीन हलली तर आधी चमचा वाजेल, म्हणून. मांजरानं तो पाडला की आख्खी गल्ली भर दुपारी अंगणात. कुणी मांजराला शिव्या द्यायचं, कुणी रडायचं. मग कुणीतरी हसायचं, आणि हसणाऱ्याचा बाकीच्यांना राग यायचा. भाजीला फोडणी द्यायची राहिलेली असायची. जळक्या तेलाचा वास गल्लीभर.

सुजाता आठवीत असताना बाहेरच्या कुठल्याशा संस्थेच्या लोकांनी हे मैदान करून दिलं. आम्ही मागितलं नव्हतं. आम्ही पिठाची गिरणी मागितली होती. त्यांनी सिमेंट ओतलं, दोन खांब उभे केले, मुलींच्या मनातली भीती खेळानं जाते असं सांगितलं, फोटो काढले आणि गेले. ओल्या सिमेंटचा वास आठवडाभर गावात होता. आम्हाला तो वास आवडायचा नाही. सिमेंट म्हणजे वजन.

शाळेत रफिक सर नवीन आले होते. मूळचे कंधारचे. अंगानं बारीक, पायात कायम चपला. त्यांनी त्या संस्थेनं दिलेला नारिंगी चेंडू काढला, मुली गोळा केल्या आणि संध्याकाळी खेळ सुरू केला.

तो चेंडू मैदानावर आपटला की काय व्हायचं, ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. धप्. धप्. धप्. आवाज कानाला नंतर यायचा, आधी पायाला यायचा. मी पत्र्याखाली भाकरी थापत होते. परातीच्या बुडातून मला तो आवाज आला आणि हातातली भाकरी तशीच राहिली. गल्लीतल्या सगळ्या बाया बाहेर. चमचे वाजत होते.

आमच्या शेजारच्या गोदाकाकू तेव्हा साठीच्या होत्या. त्यांच्या घरातलं कुणीच उरलं नव्हतं. त्या पिठाच्या हातानं पळत मैदानावर गेल्या आणि मुलींच्या मधोमध उभ्या राहिल्या. हात वर करून म्हणाल्या, "थांबा."

सरांनी शिट्टी वाजवली. काय झालं, विचारलं. काकू म्हणाल्या, खालून आवाज येतोय.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता की काकू, तो चेंडूचा आवाज आहे. सर तसं म्हणाले नाहीत. चवड्यावर बसले, तळहात जमिनीला लावला आणि मुलींनाही लावायला सांगितला. मग काकूंना म्हणाले, "तुमीबी लावा. गप हाय का न्हाई, तुमीच सांगा."

काकू बसल्या. हात लावला. मग काकू म्हणाल्या, गप हाय. उठल्या आणि भाकरी करायला निघून गेल्या. त्यांच्या हाताचा पिठाचा ठसा सिमेंटवर राहिला. मुली त्याला चुकवून खेळत राहिल्या.

तिथून ती रीत पडली. खेळणारी असो, बघणारी असो, रस्त्यानं जाणारं कुणी असो. भीती वाटली की हात वर करायचा. थांबा म्हटलं की थांबायचं. दहाच्या दहा मुली खाली बसणार, तळहात टेकणार. सर विचारणार, गप? मुली म्हणणार, गप. मग चेंडू जिच्या हातात होता तिच्याकडून खेळ पुढं सुरू. का थांबवलं, हे कुणी कुणाला विचारायचं नाही.

सगळ्यांत जास्त हात वर व्हायचा तो माझ्या सुजाताचा. उंच पोरगी, हात लांब, लांबून टाकलेला चेंडू सरळ रिंगमध्ये जायचा. पण मध्येच कुठं ट्रॅक्टर गेला, कुठं कुत्रं भुंकलं, की हिचा हात वर. मीरा नावाची तिची मैत्रीण होती, तोंडाची फाटकी. ती जमिनीला हात लावून बसल्या बसल्या म्हणायची, "सुजे, तुझ्या पायी आपुन एकाच मॅचमध्ये म्हाताऱ्या होऊन राहिलो." मुली खुदखुदायच्या. सुजाता हसायची नाही. ती जमिनीचं ऐकत असायची.

शाळा स्लॅबची होती, म्हणून सुजाता वर्गात दाराशी बसायची, आणि दहावीचा पेपर तिनं व्हरांड्यात बसून लिहिला. घरी मी तिला कधी भिऊ नको म्हटलं नाही. मी स्वतः आंघोळीला बसले तरी दार लोटून घ्यायची नाही.

एकदाच सर मुलींना लातूरला स्पर्धेला घेऊन गेले. मी बरोबर होते. कुणी मोठी बाई बरोबर असल्याशिवाय मुलींचे आईबाप सोडायचे नाहीत, आणि मी म्हटलं मी जाते, कारण सुजाता जिथं जाईल तिथं मला जायचंच होतं. सामना रंगात आला आणि मीरानंच हात वर केला. बाहेर एक टँकर चालला होता. आमच्या मुली पटकन खाली बसल्या. समोरच्या मुली थांबल्या नाहीत. थांबतील कशाला? त्यांनी बसलेल्या मुलींच्या मधून पळत जाऊन चेंडू टाकला, परत आणला, परत टाकला. पंचांनी शिट्टी वाजवली ती आमच्याच विरुद्ध. बघणारे लोक पोट धरून हसत होते. त्यांना वाटलं, या खेड्यातल्या पोरींना नियम माहीत नाहीत.

परतीच्या टेम्पोत सर म्हणाले, "स्पर्धा बस झाली. आता दोस्तीच्या मॅची खेळायच्या. आधी सांगायचं, हात वर केला की थांबायचं. कबूल असंल तर खेळू, न्हाईतर त्यांची मर्जी."

म्हणून आमचा संघ फक्त दोस्तीच्या मॅची खेळला. पुढं सरांनी कंधारच्या दोन मुलीही घेतल्या. दोन जिल्ह्यांच्या मुली एकाच संघात, त्यामुळं तसाही तो कुठल्या एका जिल्ह्याच्या नावावर बसत नव्हता. कुणाला त्याची फिकीर नव्हती.

ते दिवस मला टेम्पोच्या मागच्या फळीसारखे आठवतात, हादरे देणारे. डब्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी, पाण्याचा कॅन. मुलींच्या वेण्यांना खोबरेल तेलाचा वास. थंडीत सकाळी निघायचं, तुरीच्या शेतांवर धुकं असायचं, मुली एका चादरीत चौघी बसायच्या. त्या गाणी म्हणायच्या आणि मी मोकळ्या जागा बघत जायची. कुठल्याही गावात उतरले की आधी नजर फिरवायची. भिंत किती लांब आहे, पाण्याची टाकी कुठं आहे, पळायला रान कुठल्या बाजूला आहे. मगच पाणी प्यायची.

कंधारला लोक आम्हाला किल्ला दाखवायला निघाले. आमच्या मुली त्या दगडी भिंतीजवळ जाईनात. लांब रस्त्यावर उभं राहून त्यांनी किल्ला बघितला. कंधारची एक मुलगी म्हणाली, एवढ्या वर्षांत पडला नाही तो. मीरा म्हणाली, आमचंबी गाव लई वर्षं पडलं नव्हतं.

बिलोलीला अर्धी मराठी, अर्धी तेलुगू. तिथं एक डोक्यावर टोपलं घेतलेली बाई मैदानाच्या कडेला उभी होती. मुली खाली बसल्या तसं तिनं मला विचारलं, ह्या नमाज पढून राहिल्या का? मी सांगितलं काय ते. तिनं टोपलं उतरवलं आणि स्वतःही हात टेकला.

मुरुडला काही सांगावं लागलं नाही. मुरुड आमच्याच जिल्ह्यातलं, त्यांनीही ती पहाट बघितलेली. सुजातानं हात वर केला आणि मैदानाभोवतीचे सगळे बघे, म्हातारे, दुकानदार, लेकुरवाळ्या बाया, एकदम खाली बसले. एवढी माणसं, आणि आवाज फक्त बांगड्यांचा. मला तेव्हा जेवढी भीती वाटली तेवढी एकटीला कधी वाटली नव्हती. एवढी माणसं एकदम जमिनीचं ऐकत असतील तर तिला बोलावंसं वाटेल, असं काहीतरी मनात आलं.

सुजाता बारावी झाली. मुरुडचंच एक स्थळ आलं. मुलगा ठीक होता. मी घर बघायला गेले आणि वर बघितलं. पत्रा होता. माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं. मी मालकांना, सुजाताच्या बापाला, म्हटलं, देऊन टाकू.

त्याच महिन्यात कंधारला मॅच झाली. तिथं नांदेडच्या मुलींच्या कॉलेजातल्या पाठक मॅडम आल्या होत्या. खेळ शिकवायच्या. केस कापलेले, आवाज पुरुषी, बोलणं सरळ. त्यांनी सुजाताचा खेळ बघितला आणि मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, मुलीला माझ्याकडं द्या, वसतिगृहात राहील, शिकेल, पायावर उभी राहील. मी विचारलं, वसतिगृह कितव्या मजल्यावर? त्या म्हणाल्या, दुसऱ्या. मी म्हटलं, मग नाही.

त्यांनी वाद घातला नाही. सरांकडून त्यांना आमचं माहीत होतं. म्हणाल्या, आमचा हॉल आहे, वर स्लॅब आहे. तिथं एक मॅच खेळा, तुमच्या रीतीनं. ती छताखाली शेवटपर्यंत खेळली तर तिची जागा पक्की. नाही खेळली तर मी पुन्हा विचारणार नाही.

सुजाता तिथंच उभी होती. ती म्हणाली, खेळते. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

घरी मालकांना विचारलं तर ते म्हणाले, तुमचं तुमी बघा. त्यांनी त्या पहाटेनंतर कुठल्याच गोष्टीत मत दिलं नाही. मी पंधरवडाभर सुजाताला समजावलं. मुरुडचं घर पत्र्याचं आहे, सांगितलं. ती म्हणाली, "माय, पत्र्याखाली जन्म काढू का?" मी म्हटलं, "काढ. जन्म तरी निघंल."

ती रागावली. एक पोर मातीत दिलेल्या बाईला दुसरं पोर दुसऱ्या मजल्यावर ठेवायला सांगतात, आणि समजून घे म्हणतात.

नांदेडला आम्ही सकाळी पोहोचलो. हॉल म्हणजे जाड खांबांची लांबच लांब इमारत, वर सपाट स्लॅब. शेजारी वसतिगृह. मुली दारात घुटमळल्या. मीरा म्हणाली, "वर कबुतरं हायत. कबुतरं बसल्यात म्हंजे धोका न्हाई." हे तिला कुणी सांगितलं होतं देव जाणे, पण त्या एका वाक्यावर मुली आत गेल्या. सुजाता सगळ्यांच्या शेवटी गेली. उंबऱ्यावर तिनं आधी एक पाय ठेवला, पाण्यात ठेवतात तसा.

मी गेले नाही. समोर कडुनिंब होता, त्याच्याखाली बसले. पाठक मॅडमनी खुर्ची पाठवली. मला खुर्ची नको होती. मला जमीन हवी होती.

आतून आवाज सुरू झाला. उघड्यावर चेंडूचा आवाज निघून जातो. तिथं तो छताला लागून परत येत होता. एक धप् आणि त्याच्या मागून दुसरा. बुटांचे कर्कश आवाज. शिट्टी. मला प्रत्येक आवाजाला वाटायचं, हा तो. पाण्याचा कॅन शेजारी होता, उचलायला हात जात नव्हता. हात जमिनीवर होता.

मग कुणाचा तरी आवाज आला, थांबा. चेंडू थांबला. सगळं शांत. मी मनात म्हटलं, आता सर विचारतील, गप? मुली म्हणतील, गप.

आणि माझ्या हाताखालची जमीन थरथरली.

इतक्या वर्षांत माझ्या हाताखाली ती एकदाही हलली नव्हती. शेकडो वेळा हात लावला होता, शेकडो वेळा ती गप होती. आता बारीक थरथर आली, वाढत गेली, कडुनिंबाच्या मुळापर्यंत गेली. हॉलच्या खिडक्यांची तावदानं वाजायला लागली.

आतून किंकाळी आली आणि दारातून आमच्या मुली बाहेर पडल्या, मीरा पुढं. त्यांना बघून नांदेडच्या मुलीही पळत आल्या, का ते माहीत नसताना. रफिक सर अनवाणी होते. चपला त्यांनी आत सोडल्या होत्या. मी तोंडं मोजली. सुजाता नव्हती.

मी उठले आणि आत पळाले. दारात सरांनी माझा दंड धरला, "मावशी, आत नगा जाऊ." मी त्यांना काय केलं ते मला आठवत नाही. नंतर त्यांच्या मनगटावर ओरखडे होते.

हॉल रिकामा. मैदानाच्या मधोमध सुजाता चवड्यावर बसलेली, तळहात फरशीवर. मी तिची वेणी धरली आणि ओढली. म्हटलं, ऊठ.

ती म्हणाली, "थांब माय."

मी परत ओढलं.

"थांब म्हटलं ना. हात लाव."

थांबा म्हटलं की थांबायचं. अंगात इतकं भिनलं होतं की मी खाली बसले. हात लावला. दुसऱ्या हातात तिची वेणी तशीच.

"बघ, ही सरकून राहिली," ती म्हणाली. "तिकडून आली, इकडं चालली. तवाची ती तशी नव्हती. ती आपल्या खाली येऊन उभी राहिली होती. मला याद हाय."

त्या पहाटेबद्दल ती त्याआधी कधीही बोलली नव्हती. मी ऐकत राहिले. थरथर खरंच एका बाजूला पातळ होत गेली, मग फक्त बोटांच्या टोकाला उरली, मग गेली. लांबून भोंगा ऐकू आला. हॉलच्या मागं रेल्वेचे रूळ होते. मालगाडी गेली होती. आमच्या गावाजवळ रेल्वे नाही. आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं की गाडी गेली की जमीन अशी होते.

"रेल्वे हाय, माय," सुजाता म्हणाली. "सोड आता केस."

मी वर बघितलं. तोपर्यंत बघितलं नव्हतं. करड्या रंगाचा स्लॅब, त्यात एक लांब तडा, कोपऱ्यात कबुतरं. सुजातानं मला धरून भिंतीशी नेलं. बाहेर नांदेडच्या मुली हसत होत्या आणि आमच्या मुली रडता रडता त्यांच्याबरोबर हसायला लागल्या होत्या. मीरा सरांना विचारत होती, "सर, तुमची चप्पल काहून भ्याली न्हाई?"

पाठक मॅडम आत आल्या. हसल्या नाहीत. सुजाताला म्हणाल्या, मॅच अजून संपलेली नाही.

सुजाता माझ्याकडं वळली. "तू इथं आत बसलीस तर मी खेळते. बाहेर गेलीस तर माझा सगळा जीव बाहेर राहतो."

मी आत बसले. भिंतीला पाठ लावली नाही, भिंत पडते. जमिनीवर हात ठेवून बसले. कोण जिंकलं ते मला कळलं नाही, मी खेळ बघत नव्हते, वर बघत होते. आणखी एक गाडी गेली. कुणी हात वर केला नाही. सुजाता शेवटपर्यंत खेळली. त्यानंतर ती आमच्या संघातून कधी खेळली नाही. नांदेडच्या संघातून स्पर्धा खेळायला लागली, जिथं कुणी थांबत नाही.

तिची जागा पक्की झाली. मॅडम म्हणाल्या, खोली तरी बघून घ्या. जिना चढले. एकेक पायरी आतून पोकळ वाटत होती. दुसऱ्या मजल्यावर बारकी खोली, दोन लोखंडी कॉट, चुन्याचा वास, खिडकी. एका मुलीनं चहा आणून दिला. मला वाटलं होतं खोली बघायची आणि पोरीला हाताला धरून खाली आणायचं. मॅडम काय करणार होत्या?

मी कॉटवर बसले. सवयीनं चहा बशीत ओतला. बशीतला चहा हलायला लागला. बारीक लाटा, कडेला लागून माझ्या लुगड्यावर सांडल्या. मी दुसरा हात कॉटच्या लोखंडाला लावला. लोखंड गप होतं. भिंतीला लावला. भिंत गप होती. मग मला कळलं की हलत होते ती मी.

सुजाता खिडकीतून खाली बघत होती. अंगणात मुली केस वाळवत बसल्या होत्या, त्यातली एक वर बघून हिला काहीतरी म्हणाली आणि ही हसली. चेंडू खेळतानाही मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. मी बशीतला चहा परत कपात ओतला. कप दोन्ही हातांनी धरला, छातीशी. घोट घोट करून सगळा प्यायले. मग उठले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, खाली उतरले आणि टेम्पोत बसले. रस्ताभर मुलींनी एकही गाणं म्हटलं नाही.

संघ पुढं दोनेक वर्षं चालला. सरांची बदली झाली, मुलींची लग्नं झाली, मीरा बिलोलीला दिली. गोदाकाकू गेल्या. चेंडूची हवा गेली. मैदान राहिलं.

सुजाता नांदेडला शिक्षिका झाली, तिथंच संसार केला. आज सकाळी मी इथं खांबाशी येऊन बसले आणि तिचा फोन आला. तिच्या मुलीला, माझ्या नातीला, पुण्याला शिकायला जागा मिळाली आहे. वसतिगृहाची खोली नवव्या मजल्यावर. सुजाता बघून आली. म्हणाली, मला त्या खोलीत उभंच राहवेना, माय. मी पोरीला म्हटलं, नांदेडलाच शिक. पोरगी तोंड फिरवून बसली, आज तिसरा दिवस, बोलत नाही. पैसे भरायची मुदत उद्या संपते.

मी काठीनं एक शेळी हाकलली.

"तू कशी गं सोडून आलीस मला?" ती म्हणाली. "तू तर निवांत चहा पीत बसली होतीस. मला अजून दिसतं. तुझ्याकडं बघून मला वाटलं, मायला भीती वाटत न्हाई म्हंजे काही होत न्हाई."

इतकी वर्षं ती असं समजून होती. मी शेंगांचं टच्-टच् ऐकत राहिले. मग सांगितलं, माझा हात हलत होता. बशीतला चहा लुगड्यावर सांडला होता. तुझं लक्ष खिडकीबाहेर होतं.

फोन कटला असं वाटलं.

"म्हंजे तूबी?"

"हाव."

"मग?"

"मग काय. चहा संपला, उठले."

तिकडं ती नाक ओढत होती. मी रडू दिलं. रडून झाल्यावर म्हणाली, पैसे भरते, रविवारी पोरीला सोडून येते.

"जा," मी म्हटलं. "आन् चहा दिला तर बशीत ओतू नको. कपानंच पी. बशीत लई दिसतं."